कोरडा कापूस, ओला कापूस: प्राण्यांची ऊब कशी टिकते हे तपासण्याचा प्रयोग

उष्णरक्ती प्राण्याचे शरीर उष्णता स्वतः निर्माण करते. परंतु कडाक्याच्या थंडीत त्याचा निभाव लागेल की नाही, हे ती उष्णता किती वेगाने बाहेर जाते यावर बरेचसे अवलंबून असते. हा वेग मोजण्यासाठी झाकण असलेल्या तीन सारख्या बाटल्या, कापूस, दोरा, घड्याळ आणि प्रयोगशाळेत वापरतात तसा थर्मामीटर घ्यावा.

तिन्ही बाटल्यांत सुमारे 60 अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी सारख्या पातळीपर्यंत भरावे; मुले प्रयोग करत असतील, तर हे काम मोठ्या माणसाने करावे. एक बाटली तशीच ठेवावी, दुसरीभोवती कोरडा कापूस सैलसर गुंडाळावा आणि तिसरीभोवती तेवढाच कापूस भिजवून, निथळून गुंडाळावा. अर्धा तास दर 5 मिनिटांनी तापमान नोंदवावे. कोरडा कापूस आवळून बांधू नये, कारण ऊब टिकते ती मुख्यतः तंतूंमध्ये अडकलेल्या स्थिर हवेमुळे. थंडीत पक्षी पिसे फुलवतात, तेही ही हवा वाढवण्यासाठीच.

माझ्या मते या प्रयोगात सर्वांत बारकाईने पाहण्यासारखी आहे ती तिसरी बाटली. कोरड्या कापसातील बाटलीपेक्षा ती बरीच लवकर थंड होते, कारण हवेची जागा पाण्याने घेतलेली असते, पाणी हवेच्या सुमारे 25 पट वेगाने उष्णता वाहून नेते आणि बाष्पीभवनाने आणखी उष्णता निघून जाते. म्हणूनच सील आणि देवमासे केसांवर नव्हे, तर त्वचेखालच्या चरबीच्या जाड थरावर विसंबतात. समुद्री पाणमांजराकडे असा थर नसतो. त्याचे केस इतके दाट असतात की पाणी त्वचेपर्यंत पोहोचत नाही, पण ते स्वच्छ ठेवून त्यांत हवा भरत राहण्यासाठी त्याला दिवसाचा मोठा वेळ खर्च करावा लागतो. 1989 मध्ये अलास्काच्या किनाऱ्यावर जहाजातून तेल सांडले, तेव्हा केस तेलाने चिकटून त्यांतील हवा गेली आणि हजारो पाणमांजरे दगावली.

आकाराचा परिणाम पाहायचा असल्यास हाच प्रयोग एक लहान आणि एक मोठी बाटली घेऊन करावा. मोठी बाटली सावकाश थंड होते, कारण आकारमानाच्या तुलनेत तिचा पृष्ठभाग कमी असतो; थंड प्रदेशांतील प्राणी बहुधा मोठे का असतात, याचे हेच कारण जर्मन जीवशास्त्रज्ञ कार्ल बर्गमान यांनी 1847 मध्ये मांडले होते.

निष्कर्ष लिहिताना एक मर्यादा अवश्य नोंदवावी: बाटली उष्णता निर्माण करू शकत नाही, तर जिवंत प्राणी स्नायूंच्या थरथरीतून, आणि अनेक सस्तन प्राणी तपकिरी चरबी (उष्णता निर्माण करणारी खास चरबी) जाळूनही, गमावलेली उष्णता भरून काढतात.