कुत्र्याला घेऊन ब्रिटनमधून युरोपात: कागदपत्रांच्या या चुका टाळा

ब्रिटनला परतताना फ्रान्समधल्या कॅलेच्या पेट रिसेप्शनवर, म्हणजे पाळीव प्राण्यांचे कागद तपासतात तिथे, काउंटरमागच्या बाईंनी आमच्या कुत्रीच्या, बुंदीच्या मानेवरून स्कॅनर फिरवला. मायक्रोचिपचा नंबर जुळला. रेबीजच्या लसीचं पान बघून झालं. मग टेपवर्मच्या, म्हणजे आतड्यातल्या पट्टकृमीच्या औषधाच्या रकान्यावर त्यांचं बोट थांबलं. तारीख होती, सही होती, शिक्का होता, पण वेळ लिहिलेली नव्हती. औषध देऊन २४ तास झालेत हे आम्हाला ठाऊक होतं, कागदावर मात्र त्याचा पुरावा नव्हता आणि तोंडी सांगून काही होणार नव्हतं. मग शहरातला पशुवैद्य शोधला, औषध पुन्हा दिलं, वेळेसकट नोंद करून घेतली आणि आणखी एक दिवस कॅलेत काढला. सोबत दोन मुलं होती आणि त्यांची शाळा सोमवारी सुरू होणार होती.

त्यानंतर इथल्या बऱ्याच मराठी मित्रमंडळींचे कागद मी त्यांच्यासोबत बसून तपासले आहेत. बहुतेकांच्या चुका मोजणीच्या असतात: कुठला दिवस शून्य धरायचा, कुठून तास मोजायचे, आधी काय आणि नंतर काय. इंग्लंड, स्कॉटलंड किंवा वेल्समध्ये राहून कुत्र्याला सुट्टीसाठी युरोपियन युनियनमध्ये नेणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

जुना पेट पासपोर्ट घेऊन निघणं

घरात निळ्या मुखपृष्ठाचा, ब्रिटनमध्ये मिळालेला पेट पासपोर्ट असेल तर तो आठवण म्हणून ठेवा. १ जानेवारी २०२१ पासून तो युरोपियन युनियनमध्ये शिरायला चालत नाही. त्याऐवजी ॲनिमल हेल्थ सर्टिफिकेट लागतं, ज्याला सगळे एएचसी म्हणतात. मे २०२५ मध्ये ब्रिटन आणि युरोपियन युनियनने पेट पासपोर्ट पुन्हा आणण्याबद्दल समझोता जाहीर केला. ती बातमी वाचून काहीजण 'आता काही लागत नाही' असं धरून चालले. घोषणा आणि अंमलबजावणी यांत बराच काळ जातो. तिकीट काढण्याआधी आणि निघण्याच्या आठवडाभर आधी, असं दोनदा सरकारी संकेतस्थळ उघडून त्या दिवशी कुठला नियम लागू आहे तो वाचा.

'लस तर दरवर्षी देतोच की'

आपल्या लोकांची सगळ्यात मोठी चूक ही, आणि ती आपल्या सवयीतून येते. पुण्यात किंवा नागपुरात कुत्रा पाळला की पहिलं काम रेबीजची लस. ती दरवर्षी चुकवायची नाही, हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. त्यामुळे इथल्या दवाखान्यातून दरवर्षी बूस्टरचं पत्र आलं, सुई टोचून झाली, की रेबीजही त्यात आलं असं आपण गृहीत धरतो.

ते त्यात येत नाही. ब्रिटनमधल्या जमिनीवरच्या प्राण्यांमध्ये रेबीज नाही, म्हणून इथल्या नेहमीच्या लसीकरणात डिस्टेंपर, पार्वो, हेपटायटिस आणि लेप्टोस्पायरोसिस एवढंच असतं. रेबीजची लस परदेशी जाणाऱ्या कुत्र्यालाच, मागितल्यावर आणि वेगळे पैसे घेऊन देतात. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाला हे निघण्याच्या बारा दिवस आधी कळलं. बारा दिवसांत काहीच करता येत नाही, कारण पहिल्या लसीनंतर २१ दिवस थांबावं लागतं. लस दिली तो दिवस शून्य. १ तारखेला लस दिली तर २२ तारखेच्या आधी निघता येत नाही. पिल्लू असेल तर लस देताना ते किमान १२ आठवड्यांचं हवं. म्हणजे १५ आठवड्यांच्या आतलं पिल्लू या मार्गाने जाऊच शकत नाही.

आता बूस्टर. इथे वापरल्या जाणाऱ्या रेबीजच्या लसींची मुदत बहुधा तीन वर्षांची असते, पण तुमच्या कुत्र्याला दिलेल्या लसीची नेमकी मुदत कागदावर 'व्हॅलिड अंटिल' समोर बघा. त्या तारखेच्या आत बूस्टर दिला तर थांबावं लागत नाही. तारीख एका दिवसाने जरी उलटली, तरी नवी लस पहिली लस मानली जाते आणि २१ दिवस पुन्हा सुरू होतात. आम्ही ही तारीख फोनच्या कॅलेंडरवर दोन महिने आधीच्या आठवणीसह घालून ठेवली आहे.

आधी चिप, मग सुई

मायक्रोचिप रेबीजच्या लसीच्या आधी किंवा त्याच भेटीत बसवलेली असली पाहिजे. लस आधी आणि चिप नंतर असा क्रम झाला तर ती लस प्रवासापुरती धरलीच जात नाही, कारण सुई नेमक्या याच कुत्र्याला दिली हे सिद्ध होत नाही. भारतातून किंवा दुसऱ्या देशातून आणलेल्या कुत्र्याच्या जुन्या कागदांत हा घोळ हमखास दिसतो. दोन्ही तारखा शेजारी ठेवून बघा.

दवाखान्यात गेलात की चिप वाचून दाखवायला सांगा आणि पंधरा आकडे तुमच्याकडच्या कागदाशी स्वतः ताडून बघा. चिप कधी कधी मानेवरून सरकून खांद्याकडे जाते आणि एका फेरीत स्कॅनरला सापडत नाही. ती नेमकी कुठे लागते हे तुम्हाला ठाऊक असलं की काउंटरवर घाम फुटत नाही.

एएचसी: कोणाकडून, केव्हा आणि कुठल्या भाषेत

प्रत्येक पशुवैद्य एएचसी देऊ शकत नाही. त्यासाठी सरकारची मान्यता असलेले 'ऑफिशियल व्हेट' लागतात. तुमच्या नेहमीच्या दवाखान्यात असे डॉक्टर नसू शकतात, किंवा असले तरी आठवड्यातून एखादाच दिवस येत असतील. जुलै-ऑगस्टमध्ये त्यांच्या वेळा भराभर भरतात. निदान महिनाभर आधी फोन करून तारीख पक्की करा आणि तेव्हाच दर विचारा, कारण दवाखान्यागणिक त्यात मोठा फरक असतो. लसीचा आणि चिपचा पुरावा त्यांच्याकडे आधीच पाठवून द्या.

प्रमाणपत्र दिल्यापासून १० दिवसांच्या आत युरोपियन युनियनमध्ये शिरायला हवं. म्हणून 'एकदाचं काम उरकून टाकू' म्हणत तीन आठवडे आधी घेतलं तर ते वाया जातं. अगदी आदल्या दिवशीही घेऊ नका, एखादं अक्षर चुकलं तर दुरुस्तीला वेळ उरत नाही. मी पाच-सहा दिवस आधीची तारीख घेते. हे प्रमाणपत्र एकाच प्रवासापुरतं असतं. मे महिन्यात नॉर्मंडीला जाऊन आलात आणि ऑगस्टमध्ये पुन्हा निघालात तर नवं प्रमाणपत्र आणि नवे पैसे. दोन-तीन कुत्री असतील तर मात्र वेगळी प्रमाणपत्रं लागत नाहीत, एकावर पाचपर्यंत प्राणी बसतात.

भाषेची चूक कोणाच्या लक्षातच येत नाही. एएचसी इंग्रजीसोबत त्या देशाच्या भाषेत लागतं, जिथून तुम्ही युरोपियन युनियनमध्ये पहिलं पाऊल टाकता. सुट्टी इटलीत असेल पण गाडी कॅलेला उतरणार असेल तर कागद फ्रेंच हवा. बोट नेदरलँड्सच्या हुक ऑफ हॉलंडला लागणार असेल तर डच हवा. डॉक्टरांनी 'कुठे चाललात?' असं विचारलं की आपण आनंदाने 'टस्कनी' म्हणतो आणि इटालियन फॉर्म छापला जातो. त्यांना सुट्टीचं ठिकाण नको, उतरण्याचं बंदर सांगा.

दवाखान्यातून बाहेर पडण्याआधी तिथेच खुर्चीवर बसून प्रत्येक पान वाचा. चिपचा आकडा, लसीच्या तारखा, कुत्र्याचं वर्णन, प्रत्येक पानावरचा शिक्का, शेवटी तुमची सही. खाडाखोड असेल तर तिच्याशेजारी डॉक्टरांची सही आणि शिक्का हवा. मूळ प्रत प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून हातातल्या बॅगेत ठेवा, फोनवरचा फोटो चालत नाही. कागद एकाच्या नावावर आणि कुत्र्याला नेणार दुसरा, असं असेल तर मालकाचं लेखी परवानगीपत्र सोबत हवं आणि मालकानेही पाच दिवसांच्या आगेमागे तोच प्रवास करायला हवा.

परतीचं औषध आणि तासांचं गणित

आम्ही अडकलो ते इथेच, म्हणून जरा सविस्तर सांगते.

युरोपातल्या कोल्ह्या-कुत्र्यांमध्ये एकायनोकॉकस मल्टिलॉक्युलॅरिस नावाचा टेपवर्म सापडतो. माणसाच्या यकृतात त्याने केलेला आजार फार गंभीर असतो आणि ब्रिटनमध्ये हा कृमी नाही. तो येऊ नये म्हणून परत येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला प्राझिक्वाँटेल असलेलं औषध पशुवैद्याने स्वतः द्यायचं असतं. ते ब्रिटनमध्ये शिरण्याच्या किमान २४ तास आधी आणि जास्तीत जास्त १२० तास आधी द्यावं लागतं. घरून नेलेली गोळी तुम्ही भरवली तर ती धरत नाहीत. औषधाचं नाव, तारीख, वेळ, सही आणि शिक्का हे सगळं एएचसीवरच्या ठरलेल्या जागी हवं.

समजा तुम्ही शनिवारी संध्याकाळी चार वाजता इंग्लंडमध्ये शिरणार आहात. मग औषध सोमवारी संध्याकाळी चारच्या नंतर आणि शुक्रवारी संध्याकाळी चारच्या आधी दिलेलं हवं. शुक्रवारची दुपार धरू नका, कारण तपासणी कॅलेलाच होते आणि ती समुद्राखालच्या बोगद्यातल्या रेल्वेच्या किंवा बोटीच्या वेळेच्या आधी. सोमवारची संध्याकाळही नको, बोट रद्द झाली की १२० तास उलटून जातात. बुधवार किंवा गुरुवार उत्तम. सुट्टीचं घर ठरवतानाच जवळच्या पशुवैद्याची त्या दिवसाची वेळ घेऊन टाका. फ्रान्समध्ये रविवारी दवाखाने बंद असतात आणि १५ ऑगस्टला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, हे आपल्या ध्यानात राहत नाही. सहलीच्या गावातल्या डॉक्टरांनी असा कागद क्वचितच भरलेला असतो. रकाना उघडून समोर ठेवा आणि 'वेळसुद्धा लिहा' असं नम्रपणे पण ठाम सांगा. आम्ही तेवढं सांगितलं नव्हतं.

पाच दिवसांच्या आतली छोटी सहल असेल तर हे औषध निघण्याआधी ब्रिटनमध्येच देता येतं, फक्त परतीची वेळ त्याच २४ ते १२० तासांत बसली पाहिजे. लाँग वीकेंडला हा मार्ग फार सोयीचा आहे. आयर्लंड, माल्टा, फिनलंड आणि नॉर्वेहून थेट परत येताना औषध लागत नाही. मात्र या चार देशांत जाताना तेच औषध त्याच २४ ते १२० तासांच्या हिशेबाने आधी द्यावं लागतं. 'आयर्लंड तर शेजारीच' म्हणत निघालेले इथे फसतात. उत्तर आयर्लंडची गोष्ट वेगळी आहे: जून २०२५ पासून तिथे जाण्यासाठी कुत्र्याच्या आयुष्यभर चालणारं मोफत ऑनलाइन प्रवासपत्र मिळतं, पण ते घेऊन पुढे आयर्लंड प्रजासत्ताकात जाता येत नाही.

तिकीट आधी, चौकशी नंतर

ब्रिटनमध्ये विमानाने परत येणारा कुत्रा मालवाहू कार्गो म्हणूनच येऊ शकतो, तुमच्या पायाशी केबिनमध्ये नाही. युरोस्टार ही रेल्वे पाळीव कुत्रे घेत नाही. मदतनीस कुत्र्यांचे नियम वेगळे आहेत. गाडी असेल तर फोकस्टन ते कॅले हा बोगद्यातला ३५ मिनिटांचा प्रवास कुत्र्याला सगळ्यात कमी त्रासाचा, कारण तो आपल्या गाडीत आपल्याजवळ असतो. गाडी नसेल तर हारविच ते हुक ऑफ हॉलंड बोटीचा विचार करा, तिथे पायी प्रवाशांना कुत्रा नेता येतो. पिट बुलसारख्या जातींवर फ्रान्समध्ये बंदी आहे. तुमचा कुत्रा त्या जातीसारखा दिसत असेल तर आधी चौकशी करा, तिथे जाऊन वाद घालायची वेळ येऊ देऊ नका.

आणि पिशवी तपासा. ब्रिटनमधून युरोपियन युनियनमध्ये मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. त्यात कुत्र्याच्या चिकनच्या काड्या आल्या आणि आपल्यासाठी बांधून घेतलेली तुपाची बरणीही आली. कोरडं खाद्य तिथे पोहोचून घ्या आणि पोट बिघडू नये म्हणून तोच ब्रँड तिथे मिळतो का ते आधी बघून ठेवा.

कागदावर कुठेच नसलेली एक गोष्टही सांगायला हवी. स्पेन, पोर्तुगाल, इटली आणि दक्षिण फ्रान्समध्ये सँडफ्लाय नावाची बारीक माशी चावून लेशमॅनियासिस हा आजार होतो आणि तो कुत्र्याला आयुष्यभर पुरतो. एएचसीच्या भेटीतच त्यापासून बचाव करणाऱ्या कॉलरबद्दल विचारा.

अडकलातच तर

निघताना अडलात तर बुकिंग पुढे ढकलता येतं का ते आधी विचारा, मग एएचसी देणाऱ्या डॉक्टरांना फोन करा. चूक त्यांच्या लिहिण्यातली असेल तर ती त्यांनाच दुरुस्त करावी लागते. परतीला अडलात तर बंदराजवळच्या पशुवैद्यांकडे औषधाची नोंद करून घेता येते, पण २४ तासांना पर्याय नाही. म्हणून परतीनंतरचा पहिला दिवस मोकळा ठेवा आणि कुत्र्यासह राहू देणाऱ्या एखाद्या हॉटेलचा नंबर लिहून ठेवा.

आणि पुण्याला न्यायचं असेल तर?

हा प्रश्न मला दर डिसेंबरला येतो. रेबीजच्या बाबतीत भारत ब्रिटनच्या मान्य देशांच्या यादीत नाही. त्यामुळे तिथून परत येताना कुत्र्याच्या रक्ताची अँटिबॉडी चाचणी लागते. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त घ्यायचं, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत निकाल ०.५ आययू प्रति मिलिलिटर किंवा अधिक यायला हवा, आणि भारतात जाऊन रक्त दिलं तर त्या तारखेपासून तीन महिने थांबावं लागतं. ही चाचणी निघण्याआधी ब्रिटनमध्येच करून घ्या आणि तीन महिन्यांची अट तुमच्या कुत्र्याला लागू होते का ते ऑफिशियल व्हेटकडून लेखी घ्या. भारतात शिरायला तिथल्या प्राणी विलगीकरण केंद्राचं ना हरकत प्रमाणपत्र आधी मिळवावं लागतं, ते वेगळंच.

तीन आठवड्यांच्या सुट्टीसाठी मी बुंदीला नेत नाही. कार्गोतला तो लांबचा प्रवास आपल्या आनंदासाठी तिच्यावर लादणं मला पटत नाही. त्या दिवसांत ती आमच्या शेजाऱ्यांकडे राहते आणि रोज संध्याकाळी आईला व्हिडिओवर दिसते.