ऑनलाइन शिकवताय? प्राध्यापकांनो, या चुका टाळा

मार्च २०२० मध्ये कॉलेजं बंद झाली आणि खान्देशातल्या स्टाफरूममधल्या गप्पा झूम, गुगल मीट, गुगल क्लासरूमवर आल्या. तेव्हापासून दोन मतं सारखी कानावर पडतात. "मुलांना ऑनलाइनमध्ये रसच नाही" आणि "प्लॅटफॉर्म चांगले आहेत, पण आपल्या भागात चालत नाहीत." मला दोन्ही पटत नाहीत. बहुतेक वेळा आपण काम कसं लावून देतो, तिथेच गाडी अडते. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०२१ च्या मिश्र अध्यापनाच्या, म्हणजे थोडं वर्गात आणि थोडं ऑनलाइन शिकवण्याच्या, मसुद्यात ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ऑनलाइन शिकवण्याची कल्पना मांडली होती. त्यामुळे लॉकडाऊन संपला म्हणून हा विषय संपत नाही.

तासाला तास लाइव्ह घेणं

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. व्हिडिओ मीटिंगला तासाभरात अर्धा जीबी डेटा सहज जातो. रोजचा दीड जीबीचा पॅक असलेल्या मुलाचा डेटा तीन तासिकांत संपला, की चौथ्या विषयाच्या सरांना वाटतं, पोरगा दांडी मारतोय. सातपुड्यातल्या धडगाव-मोलगीकडच्या मुलाची अडचण त्याहून वेगळी असते. त्याच्याकडे पॅक असतो, पण घरात रेंज नसते. "सर, रेंज नही शे" असं तो सांगतो, तेव्हा त्याला बहाणा म्हणू नका.

त्यापेक्षा एकेक मुद्दा घेऊन दहा मिनिटांचं नुसतं आवाजाचं रेकॉर्डिंग करा. फाईल साधारण पाच-सहा एमबीची होते. सोबत दोन पानं टाइप केलेल्या नोट्स द्या. आठवडे बाजाराला किंवा तालुक्याला आलेला मुलगा ते उतरवून घेईल आणि घरी निवांत ऐकेल. लाइव्ह तास आठवड्यातून एकदा ठेवा, तोही फक्त शंकांसाठी. झूमची मोफत मीटिंग ४० मिनिटांनी बंद होते, तेवढा वेळ शंकांना पुरतो.

नोट्स टाइप करा असं मुद्दाम सांगतोय. वहीच्या पानांचे फोटो जोडून केलेली पीडीएफ कित्येकदा वीस-पंचवीस एमबीची होते, आणि लहान स्क्रीनवर वाचताही येत नाही.

"सर, क्लास सापडत नाही"

क्लासचा कोड बरोबर असूनही मुलाला गुगल क्लासरूममध्ये जाता येत नसेल, तर आधी अकाउंट बघा. क्लास कॉलेजच्या ईमेलवरून उघडलेला असतो आणि मुलगा स्वतःच्या जीमेलवरून आत यायला बघतो. कॉलेजच्या सेटिंगमध्ये बाहेरच्या अकाउंटला परवानगी नसेल, तर तो दारातच अडतो. फोनवर उजवीकडे वर दिसणाऱ्या गोल चित्राला हात लावून अकाउंट बदलायला सांगा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. परवानगीचाच प्रश्न असेल, तर कॉलेजात ही व्यवस्था बघणाऱ्याला गाठा. मुलाला पुन्हा पुन्हा कोड पाठवून काही होणार नाही.

दुसरी गोम घरातल्या एकाच फोनची. फोन मोठ्या भावाचा, अकाउंटही त्याचंच, त्यामुळे बहिणीचं उत्तर भावाच्या नावाने जमा होतं. गुगल फॉर्मवर 'एकच प्रतिसाद' ही अट घातली असेल, तर एका अकाउंटवरून दुसऱ्या भावंडाला फॉर्म भरताच येत नाही. ती अट काढा. फॉर्ममध्ये पीआरएन, म्हणजे विद्यापीठाच्या कायम नोंदणी क्रमांकाचा रकाना सक्तीचा करा आणि फाईलच्या नावातही तोच क्रमांक घालायला लावा. फॉर्मवरून फाईल मागवत असाल तर आणखी एक लक्षात ठेवा. त्यासाठी मुलाला गुगलमध्ये लॉगिन करावं लागतं, आणि त्या सगळ्या फाईली तुमच्याच ड्राइव्हवर साठतात. वैयक्तिक खात्यात मोफत जागा १५ जीबीच असते.

कॅमेरा बंद म्हणजे लक्ष नाही, असं धरणं

एका खोलीच्या घरात मागे आई स्वयंपाक करत असते, लहान भावंडं खेळत असतात. मुलींना तर कॅमेऱ्याचा फार संकोच वाटतो. कॅमेऱ्यावर हजेरी घेऊ नका. तासाच्या शेवटी एक छोटा प्रश्न टाका आणि दोन ओळींचं उत्तर मागा. कोण ऐकत होतं, ते त्यातून जास्त कळतं.

प्रमाण मराठीचं किंवा इंग्रजीचं दडपण

वर्गात आपण चेहरे बघून भाषा बदलतो, ऑनलाइन तेच विसरतो. "समजनं का?" एवढं विचारलं तरी अहिराणी बोलणारी मुलं मोकळी होतात. शंका आवाजी संदेशातून, स्वतःच्या बोलीत विचारायची मुभा द्या. भिली, पावरी बोलणाऱ्या मुलांना टाइप करण्यापेक्षा बोलणं किती तरी सोपं जातं. माझ्या मते प्लॅटफॉर्मचा खरा फायदा इथे आहे. वर्गात हात वर न करणारं मूल इथे विचारतं.

मुदत त्याच रात्री बाराची ठेवणं

गृहपाठाला चार-पाच दिवस द्या आणि त्यात एक बाजाराचा दिवस येईल असं बघा. कापूस वेचणीच्या दिवसांत मुलं दिवसभर शेतात असतात, तेव्हा आणखी सवड ठेवा. सूचनांसाठी व्हॉट्सॲपचा वेगळा गट करा आणि त्यात फक्त शिक्षकांनाच लिहिता येईल अशी सेटिंग ठेवा. नाही तर परीक्षेची तारीख शुभेच्छांच्या गर्दीत हरवते.