शिवणाचा डबा: सुई, कात्री, टेप आणि मशीनची टीप

टीप सुटायला लागली, दोरा तुटायला लागला की पहिला आळ मशीनवर येतो. मशीन उघडण्याआधी सुई बदलून बघा. बरीच दुखणी तिथेच मिटतात. आठ-दहा तास शिवण झालं की सुईचं टोक बोथट होतं, मग ते डोळ्यांना दिसो वा न दिसो. जुनी सुई नखावरून हलकेच ओढा; नखावर ओरखडा उठला तर टोक वळलेलं आहे. अशी सुई कापडाचे धागे ओढत जाते आणि टिपेच्या बाजूने सुरकुत्या उठतात.

सुई विकत घेताना सोलापुरात एक घोळ हमखास होतो. इथे गणवेश शिवणारे कारखाने पुष्कळ, त्यामुळे टेलरिंग मटेरियलच्या दुकानांत कारखान्याच्या मशीनच्या सुयाही सर्रास असतात. त्यांच्या पाकिटावर डीबी×१ असं छापलेलं असतं आणि सुईचा वरचा जाड भाग पूर्ण गोल असतो. बहुतेक घरगुती मशीनना एचए×१ लागते; तिच्या जाड भागाची एक बाजू सपाट असते. नुसतं ‘सोळा नंबरची सुई द्या’ म्हटलं तर दोन्हींपैकी कुठलीही हातात पडू शकते. नव्या पेठेत जाताना जुनी सुई कागदात गुंडाळून सोबत न्यावी, म्हणजे हेलपाटा वाचतो.

नंबर कापडावरून ठरतो. अगदी पातळ रेशीम किंवा जॉर्जेटला ९, मलमल आणि ब्लाऊजपीसला ११, साध्या सुती कापडाला आणि टेरिकॉटच्या गणवेशाला १४, जीन्सला आणि जाड टॉवेलला १६, चादरीच्या दुमडलेल्या काठाला १८. मशीनच्या सुईत आकडा मोठा तशी सुई जाड. हाताच्या सुईचं बरोबर उलटं: आकडा मोठा तशी सुई बारीक. टी-शर्टच्या होजिअरीला बॉलपॉइंट सुईच लागते. साधी सुई विणीचे धागे छेदते, टाके गाळते, आणि दोन धुण्यांनंतर तिथे भोकं दिसू लागतात.

बसवताना सुईवरची लांब खाच बघा. दोरा ज्या बाजूने ओवायचा त्या बाजूला ही खाच आली पाहिजे. सपाट बाजू तिच्या बरोबर विरुद्ध असते. सुई वर टेकेपर्यंत सारायची आणि मगच स्क्रू आवळायचा. एवढ्याशा फटीनेही शटलची, म्हणजे सुईखाली फिरून वरचा दोरा पकडणाऱ्या भागाची, चोच दोऱ्याचा फास पकडत नाही आणि टाके गळतात.

दोरा ओवताना फूट वर

ही चूक शिकलेल्या हातूनही होते. फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, खाली असताना दोरा ओवला तर टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या, दोन चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यामध्ये न जाता वरच्या वर राहतो. मग कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं होतं. जाळं खाली दिसतं म्हणून लोक बॉबिन केसचा, म्हणजे खालच्या दोऱ्याची रिळी बसते त्या डबीचा, स्क्रू पिळत बसतात. खालचं जाळं वरच्या दोऱ्याचं असतं. फूट वर करा, दोरा पूर्ण काढा, पहिल्यापासून ओवा.

तरीही टीप बसली नाही तर दोन रंगांची परीक्षा घ्या. वर पांढरा दोरा, बॉबिनमध्ये लाल. जे कापड शिवायचं आहे त्याचीच चिंधी दुहेरी घडी करून चार-पाच इंच टीप मारा. वर लाल ठिपके दिसले तर वरचं टेन्शन घट्ट आहे, पाव फेरा सैल करा. खाली पांढऱ्या फासांची रांग दिसली तर वरचं सैल आहे, पाव फेरा आवळा. दोन्ही बाजूंना आपापलाच रंग दिसला की थांबा.

बॉबिन केसच्या स्क्रूला हात लावण्याआधी दोरा धरून केस हवेत लोंबकळत ठेवा आणि हलकासा झटका द्या. ती इंच-दोन इंच घसरून थांबली तर ठीक. सरळ खाली गेली तर सैल, हललीच नाही तर घट्ट. हा स्क्रू एका वेळी घड्याळाच्या काट्याच्या पाच मिनिटांएवढाच फिरवायचा. तो निघून फरशीवर पडला तर शोधताना जीव मेटाकुटीला येतो, म्हणून हे काम ताटात करावं.

साध्या कापडाला इंचाला दहाच्या आसपास टाके, म्हणजे अडीच मिलिमीटरचा टाका. जाड कापडाला इंचाला सात-आठ.

कात्री

किमान दोन हव्यात: कापडाची दहा इंची आणि दोरे कापायची छोटी. कागदाला तिसरी. कापडाच्या कात्रीने मुलांच्या प्रोजेक्टचा पुठ्ठा कापला गेला की ती कात्री कापडातून गेली. तिच्या मुठीला चिंधी बांधून ठेवली तर घरातल्यांच्या लक्षात राहतं. कापताना खालचं पातं टेबलावरून उचलायचं नाही आणि कापड हवेत धरायचं नाही. टोकापर्यंत पाती मिटवत गेलात तर प्रत्येक ठिकाणी काठाला दात पडतात. तीन-चतुर्थांश मिटवा, पुढे सरका, टोक शेवटी.

कापड पात्यांच्या मध्ये दुमडून अडकत असेल तर आधी मधला स्क्रू आवळा. बऱ्याचदा धार शाबूत असते. धार लावून घेताना सायकलवर धार लावणाऱ्याला सांगा, आतली सपाट बाजू घासायची नाही, फक्त बाहेरची उतरती बाजू घासायची. आतली बाजू घासली की पाती एकमेकांना चिकटून सरकत नाहीत आणि चांगली कात्रीही कायमची वाया जाते. धार लागली का, हे ओल्या मलमलीवर बघा. मुळापासून टोकापर्यंत एका दमात कापली पाहिजे.

टेप, खडू, टाचण्या

टेप ६० इंची असतो, उलट्या बाजूला सेंटिमीटर. ओढून ओढून तो वाढतो, आणि मे महिन्यात खिडकीच्या उन्हात पडून राहिला तर लवकरच वाढतो. स्टीलच्या पट्टीवर ठेवून पहिले १२ इंच जुळवा. पाव इंचाचा फरक निघाला तर टाकून द्या. ४० इंचाच्या घेरात तो पाऊण इंचाच्या पुढे जातो आणि ब्लाऊज का बसत नाही ते कळत नाही.

खडू मातीचा घ्या. मेणाच्या खडूवर इस्त्री फिरली की तेलकट डाग राहतो. गडद कापडावर अंगाच्या साबणाची सुकलेली चीप सगळ्यांत बरी: रेघ बारीक येते, धुतली की जाते. टाचण्या टिपेला आडव्या लावायच्या, म्हणजे काढायला सोप्या, आणि सुई त्यांच्याजवळ येण्याआधी काढायच्या. वरून शिवलं तरी चालतं असं म्हणतात. सुई टाचणीवर आदळून तुटलेलं टोक डोळ्याकडे उडतं, हे लक्षात ठेवून ठरवा. इथल्या उन्हाळ्यात घामट हातांनी सुया-टाचण्या गंजतात. डब्यात थोडी टाल्कम पावडर टाकली तर गंज कमी धरतो.

गणवेशाची पँट लांब करायची

जूनमध्ये घरोघरी हेच काम निघतं. पँट आणताना आत दोन इंच मुडप ठेवलेली असेल तर पुढच्या वर्षी उपयोगी पडते.

आधी जुनी मुडप उसवा. सीम रिपरचं लांब टोक टाक्याखाली घालायचं, बेचक्यातल्या धारेने तो टाका कापायचा, मग चार टाके सोडून पुढचा. असं फेरभर झालं की उलट बाजूचा दोरा ओढला की सरळ निघून येतो. अर्ध्या ब्लेडनेही जमतं, पण टेरिकॉटला एकदा काप गेला की रफूशिवाय गत्यंतर नाही. उसवल्यावर ओलं फडकं ठेवून जुन्या घडीवर इस्त्री फिरवा, नाहीतर ती घडी पुन्हा वर येते. लांबी मुलाने बूट घालून मोजायची, अनवाणी नाही.

तुरपाईला दोरा हातभर घ्या: कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, म्हणजे सुमारे १८ इंच. लांब दोऱ्याने काम लवकर होईल असं वाटतं, पण तो दर दोन टाक्यांनी पीळ खाऊन गाठतो. दोरा तिरका कापा म्हणजे सुईच्या नाकात सहज जातो. रिळावरून आधी सुटलेलं टोक ओवा आणि गाठ कापलेल्या टोकाला मारा, पीळ कमी पडतो. मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढून घेतला तर आणखी बरं.

सुई मुडपीत पाव इंच आतून काढा, पँटच्या कापडाचे एक-दोनच धागे उचला, परत मुडपीत शिरा. टाका जरा सैलच राहू द्या. आवळलेला टाका बाहेरून खळगीसारखा दिसतो. अंगुस्तान सुई ढकलणाऱ्या मधल्या बोटात घालायचं. पहिले दोन दिवस बोट अवघडतं, नंतर त्याच्याशिवाय जमत नाही.

चादर आणि टॉवेल

सोलापुरी चादर सुती आणि जाड. काठ विरला की तो दोनदा दुमडून शिवण्याच्या फंदात पडू नका. घरगुती मशीनखाली तीन जाड थर येतात, सुई वाकते आणि फुटाखालच्या पट्टीवर आदळून तुटते. त्यापेक्षा सुती कापडाची दोन इंच रुंद तिरकी पट्टी कापून गोट लावा. पट्टी आधी भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात ती आकसते आणि चादरीचा काठ गोळा होतो. जाड सांध्यावर पायडल सोडून चाक हाताने फिरवा, कापड मागून ओढू नका. मशीन नसेल तर दुहेरी दोऱ्याने पाव-पाव इंचावर काजटाका घाला, तोही पाव इंच आत.

टॉवेल शिवल्यावर फुटाखालची पट्टी काढा. कापड पुढे सरकवणारे दाते आणि शटलजवळ कापसाचा थर बसलेला दिसेल. ब्रशने झाडा, फुंकू नका. फुंकरीने तो आत सरकतो आणि तोंडाची वाफ लोखंडावर बसते. मग शटलच्या वाटेवर मशीन ऑइलचा एकच थेंब. खोबरेल तेल घालणारे खूप आहेत. ते आत चिकट होऊन कापूस धरतं, मग पायडल जड लागतं. तेल घातल्यावर चिंधीवर डाग थांबेपर्यंत टीप मारा, मगच पांढऱ्या शर्टाला हात लावा.