गल्लीत नाटक, भिंतीवर चित्र: सांगली-मिरजेकडं सलोख्याचा कार्यक्रम कसा करायचा

सलोख्याचा कार्यक्रम म्हटलं की आपल्याकडं पहिला हॉल बुक होतो, मग पाहुणे, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, आणि समोर खुर्चीत बसलेले सगळे आधीपासूनच सलोखा मानणारे, ज्यांनी यायला पाहिजे ती पोरं बाहेर पानपट्टीवर. त्यामुळं हॉलचा विषय सोडा आणि गर्दी जिथं आधीच जमती तिथं जावा. बाजाराचा दिवस, उरूस, जत्रा, गणपती.

आपल्या जिल्ह्यात हे नवीन नाही. कडेगावच्या मोहरमात उंच ताबूतांच्या भेटी होतात आणि त्यात हिंदूंचा सहभाग असतो, गोटखिंडीत गणपती मशिदीत बसतो, मिरजेच्या दर्ग्यात उरुसाला किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या आठवणीत गाणं होतं. यात कोण कुणाला उपदेश करत बसत नाही, कामं वाटलेली असतात. तुम्हालाही तेच करायचंय. पाहुणे म्हणून दोन समाज बोलवू नका, मांडव घालायला बोलवा.

आता विषय. नुसतं "आपण सगळे भाऊ भाऊ" असं नाटक केलं की लोक टाळ्या वाजवून जेवायला जातात. गल्लीतला खरा वांधा घ्या, टँकर कुठल्या बोळात आधी वळतो, कुणाच्या वस्तीतली गटार कायम तुंबलेली असती, भाड्याची खोली कुणाला मिळत नाही. खोलीचंच बघा. पोरगं विचारायला येतंय, मालक खूश, भाडं ठरलं, डिपॉझिट ठरलं, मालकीण चहा टाकती, आणि मग मालक सहज विचारतो, "आडनाव काय म्हणालात?" पोरगं सांगतं. थोडा वेळ कोणच बोलत नाही, मग मालक म्हणतो, "तसं काय नाही ओ, पण खोली भाच्याला द्यायची ठरलीय." बास, एवढाच प्रवेश. पुढं भाषण जोडायचा मोह होतो, जोडू नका, तिथंच थांबून समोरच्यांना विचारा की मालकिणीनं आता काय करावं. एखादी मावशी हमखास बोलती. आणि मालकाचं काम ज्याला खोली नाकारली जाते त्या समाजातल्या पोराला द्या, तो हे इतकं खरं करतो की दिग्दर्शन करायला लागत नाही.

नाटक पंधरा-वीस मिनिटांचं ठेवा, माणसं सात-आठ. आधी हलगी वाजवा, गर्दी आपोआप गोल होती. सुरुवात हसवूनच करायची, तमाशातल्या बतावणीसारखी, म्हणजे विनोदी सवाल-जवाबांनी. फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतल्या जलशांनी तमाशाचाच बाज उचलून जातीवर आणि सावकारीवर प्रहार केले, वाटेगावच्या अण्णाभाऊ साठेंनी त्याच मातीतनं लोकनाट्य उभं केलं, आणि 1943 ते 46 च्या प्रतिसरकारात, म्हणजे इंग्रजांना न जुमानता सातारा-सांगलीकडं चाललेल्या लोकांच्या सरकारात, एकीकडं न्यायदान मंडळं गावातले तंटे मिटवत होती तर दुसरीकडं शाहीर गावोगाव पोवाडे गात होते. म्हणजे फॉर्म तयार आहे, परदेशी वर्कशॉपची गरज नाही. फक्त एक पथ्य, गावातल्या जिवंत माणसाची नक्कल करायची नाही, नाहीतर विषय बाजूला आणि भांडण सुरू.

भिंतीचं काम जास्त जपून करायचं. 2009 ला मिरजेत गणेशोत्सवाच्या कमानीवरच्या चित्रावरनं दंगल झालेली आपण बघितलीय, रस्त्यावरचं चित्र ही साधी गोष्ट नसती. म्हणून रंगाचा डबा उघडायच्या आधी कच्चं चित्र कागदावर काढून समोरच्या दुकानदाराला, मंडळाच्या पोरांना, मशिदीच्या ट्रस्टींना, शाळेच्या बाईंना दाखवा. देव, झेंडे, राजे यांच्या वाटेला न जाता गल्लीतली माणसं काढा, सतारीला तारा लावणारा कारागीर, हळदीच्या पोत्यावर बसलेला हमाल, घंटागाडीवरची ताई. भिंत ग्रामपंचायतीची असो की घरमालकाची, परवानगी लेखीच घ्या. पावसाळा संपून भिंत वाळल्यावर हात घाला, ओल असली की पोपडे येतात. खरवडा, प्रायमर मारा, मग दोरीला गेरू लावून भिंतीवर झटका द्या की सरळ रेघ उमटती, असे चौकोन पाडले की कागदावरचा एकेक चौकोन शाळेची पोरंसुद्धा मोठा करून काढतात. दोन गल्ल्यांची पोरं एकाच चौकोनावर बसवा, वेगवेगळ्या कोपऱ्यात नको.

पोलीस स्टेशनला अर्ज आधीच द्या, तारीख, जागा, वेळ, माईक आहे का नाही सगळं लिहून. रात्री 10 नंतर स्पीकर बंद म्हणजे बंद. तारीख ठरवताना दोन्हीकडची कॅलेंडरं बघा, 2023 ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली तेव्हा राज्यात बऱ्याच ठिकाणी मुस्लिम समाजानं जुलूस पुढं ढकलला, असल्या ठिकाणी त्या लोकांना धन्यवाद म्हणायला तरी जावा, कार्यक्रमाची अर्धी तयारी तिथंच होती.

वर्गणी थोडी थोडी आणि भरपूर जणांकडनं. एकानंच सगळा खर्च उचलला की फ्लेक्सवर त्याचा फोटो आलाच, आणि फोटो आला की निम्मी गल्ली येत नाही.

राहिला व्हिडिओ. कुणीतरी मधलाच तुकडा कापून ग्रुपवर टाकणार हे धरूनच चाला, खोली नाकारणारा मालक तेवढा फिरला तर नाटकाचा अर्थच उलटा होतो. म्हणून एका माणसाला फक्त पूर्ण शूटिंगवर ठेवा आणि त्याच रात्री अख्खा व्हिडिओ दोन्ही गल्ल्यांच्या ग्रुपवर आपणच आधी टाका.