फायरवॉलनं विचारलं की थेट ‘ब्लॉक’? या चुका टाळा

‘एसव्हीसीहोस्ट.एक्सई इंटरनेटशी जोडू पाहत आहे’ अशी फायरवॉलची, म्हणजे नेटवरची ये-जा तपासणाऱ्या पहारेकऱ्याची, खिडकी उघडते आणि वाचून होण्याआधीच बोट ‘ब्लॉक’वर पडतं. नाव ओळखीचं नाही, म्हणजे व्हायरस! हे निस्तरून निस्तरून आता माझी चिडचिड लपत नाही.

विंडोजच्या कितीतरी सर्व्हिसेस, म्हणजे मागे चालणारी कामं, डीएलएल नावाच्या कोड-फाइलमध्ये असतात. त्या एकट्या चालत नाहीत, त्यांना चालवतो एसव्हीसीहोस्ट. राउटरकडून आयपी ॲड्रेस मागणारी डीएचसीपी क्लायंट, साइटच्या नावावरून पत्ता काढणारी डीएनएस क्लायंट, घड्याळ जुळवणारी सर्व्हिस, अपडेट, सगळ्यांचं बाहेर जाणं याच नावानं. २०१७पासूनच्या विंडोज १०मध्ये साडेतीन जीबीहून जास्त रॅम असेल तर बहुतेक सर्व्हिसेसना वेगवेगळा एसव्हीसीहोस्ट मिळतो. टास्क मॅनेजरमध्ये त्यांची रांग दिसते ती त्यामुळे.

ओळखीच्या एका गृहस्थांनी बाहेर जाणारं प्रत्येक कनेक्शन विचारणारी फायरवॉल टाकली होती. एसव्हीसीहोस्ट आला, त्यांनी ‘ब्लॉक’ केलं, वर ‘हे उत्तर लक्षात ठेव’वर टिचकी. साइट उघडेनात. मशीन रीस्टार्ट केलं तर आयपी १६९.२५४नं सुरू होणारा, म्हणजे डीएचसीपीचं उत्तरच नाही. गृहस्थांनी राउटर बदलला, मग विंडोज फॉरमॅट केलं. नेट चालू! ‘बघा, व्हायरसच होता.’ मग तीच फायरवॉल पुन्हा टाकली, तीच खिडकी आली आणि पुन्हा ‘ब्लॉक’. दुसऱ्या फॉरमॅटच्या तयारीत असताना मला फोन आला. नियमांच्या यादीतली एक ओळ पुसली, काम झालं.

माझी सवय सांगतो. टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’मध्ये त्या नावावर राइट क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’. खरा एसव्हीसीहोस्ट विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमध्ये असतो, ३२ बिटवाला सिसवाव६४मध्ये. डाउनलोड्समध्ये किंवा टेम्पमध्ये सापडला तर मात्र खुशाल ब्लॉक करा आणि स्कॅन लावा. स्पेलिंगही अक्षर अक्षर वाचा: लॉगिन तपासणाऱ्या विंडोजच्या एलएसएएसएस.एक्सईतल्या पहिल्या छोट्या एलच्या जागी मोठा आय लावून फसवणं हा जुना डाव आहे. जागा बरोबर असली तरी मी ‘गो टू सर्व्हिसेस’ करून आत कोण बसलंय ते पाहतोच, कारण घातक डीएलएलही सर्व्हिस बनून खऱ्या एसव्हीसीहोस्टमध्ये शिरू शकते. एवढ्याला दोन मिनिटंही लागत नाहीत, पण घाईवाल्यांना तीही जड.

विंडोजच्या स्वतःच्या फायरवॉलच्या खिडकीत ‘कॅन्सल’ म्हणजे ‘नंतर बघू’ नव्हे. त्यानं आत येणारी कनेक्शन्स अडवणारा नियम तयार होतो आणि त्या प्रोग्रामबद्दल विंडोज पुन्हा विचारत नाही.

त्याच खिडकीतली ‘पब्लिक नेटवर्क’वरची, म्हणजे कॅफेसारख्या सार्वजनिक वाय-फायसाठीची, खूण गरज नसताना लावू नका.

सिस्टम३२मधली फाइल डिलीट करणाऱ्यांना मी काही सांगत नाही.

आणि कटकट नको म्हणून फायरवॉलच बंद करणाऱ्यांनो, निदान खिडक्या कोण उघडतंय ते तरी आधी बघा. बऱ्याचदा एकच प्रोग्राम असतो, त्याचा एक नियम लिहिला की शांतता.