तरण्या पावसात तिथे डांबर: सिॲटलला घर घेतलेल्या कोल्हापूरकरांसाठी

मी हे कोल्हापुरात, मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी बसून लिहितोय. बाहेर तरणा पाऊस लागलाय आणि सकाळपासून जो भेटेल तो राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतोय. काल संध्याकाळी गल्लीतलाच एक मुलगा बायकोला घेऊन भेटायला आला. दोघांनी सिॲटलजवळच्या बॉथेलला घर घेतलंय. उठता उठता तो म्हणाला, "काका, ड्राइव्हवे पार पांढरट पडलाय, बारीक भेगाही आहेत. दसरा-दिवाळीला घराचं बाकीचं करणारच आहे, त्यातच सीलकोटही उरकून टाकतो." ड्राइव्हवे म्हणजे रस्त्यापासून घरापर्यंतची गाडीची डांबरी वाट, आणि सीलकोट म्हणजे तिच्यावर मारायचा डांबराचा पातळ थर.

मी त्याला परत खाली बसवलं. एकोणीस वर्षांपूर्वी सिॲटलच्या माझ्या घरी मी नेमकं हेच केलं होतं आणि माझे पैसेही गेले, कामही गेलं.

आपलं पंचांग अंगात भिनलेलं असतं. मृगाच्या आत कौलं चाळायची, पत्र्याची भोकं बुजवायची, आणि पाऊस उघडला की दसऱ्याच्या सुमाराला रंगाचे डबे काढायचे. डांबराचंही तेच. आमचे अण्णा आयुष्यभर डांबरीकरणाच्या कामांवर मुकादम होते. त्यांची कामं ऑक्टोबरात सुरू व्हायची आणि मेअखेर बंद. सिॲटलला हे सगळं उलटं आहे. वर्षाचा पाऊस तसा आपल्या शहराइतकाच, हजार मिलिमीटरच्या आतबाहेर, पण तो ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत बारीक बारीक पडत राहतो. जुलै तिथला सगळ्यात कोरडा महिना. म्हणजे पुनर्वसू आणि पुष्य, आपला तरणा आणि म्हातारा पाऊस, इथे कोसळत असतो तेव्हा तिथे ड्राइव्हवे करायचा. घरच्यांशी फोनवर बोलताना मागे पत्र्यावर पाऊस वाजत असेल, तर समजा तुमचे दिवस आले.

सुरुवात 4 जुलैनंतर. तिथले जुने लोकही खरा उन्हाळा त्या तारखेनंतरच मोजतात. जून फसवा असतो. दुपारी लख्ख ऊन आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भुरभुर. शेवट मी ऑगस्टअखेर धरतो. सप्टेंबरचा पहिला आठवडा चालून जातो, पण त्यापुढे मी कुणालाही सांगत नाही.

सप्टेंबरात पाऊस नसला तरी का नको, हे नीट समजून घ्या, कारण इथेच आपली गफलत होते. कोल्हापुरात सीलकोट म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते उकळतं डांबर, त्यावर बारीक खडी आणि मागून रोलर. तिथे घराच्या ड्राइव्हवेला जो सीलकोट मारतात तो थंड असतो, बादलीतून ओततात आणि रबरी फळीनं किंवा ब्रशनं पसरतात. त्यात डांबराचे अतिसूक्ष्म कण पाण्यात मिसळलेले असतात. ते पाणी हवेत उडून गेलं की कण एकमेकांना चिकटतात आणि थर धरतो. पाणी उडालं नाही तर वरून सुकल्यासारखा दिसला तरी आतून तो चिखलच असतो. म्हणून ढग बघून भागत नाही. जमीन आणि हवा दोन्ही किमान 50 फॅरनहाइट, म्हणजे 10 सेल्सिअस हवी, आणि काम झाल्यावर पुढचे निदान 24 तास, रात्र धरून, त्याखाली जाता कामा नये. पाऊसही तेवढा वेळ नको. मी स्वतः दोन दिवस कोरडे असल्याशिवाय बादली उघडत नाही. सप्टेंबरच्या उत्तरार्धात दिवस आखडतो, ऊन तिरपं येतं आणि पहाटे दव पडतं. ते दव ओल्या थरावर बसलं की सकाळी राखाडी डाग दिसतात, ते पुढे जात नाहीत. जुलैच्या मध्यावर सूर्य साडेपाचच्या आत उगवतो आणि मावळायला रात्रीचे नऊ वाजतात. ही उजेडाची चैन वाया घालवू नका.

माझं पहिल्या वर्षी काय झालं ते सांगतो. नवरात्रात सुट्टी टाकली, एका ठेकेदाराला बोलावलं. त्यानं ऑक्टोबरातही काम घेतलं, आणि मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. दुपारी ड्राइव्हवे काळाभोर दिसत होता, मी इथे फोटोही पाठवला. रात्री दहाला भुरभुर सुरू झाली. पहाटे दार उघडलं तर काळं पाणी उतारानं रस्त्यावर आणि रस्त्याकडेच्या जाळीत चाललं होतं. त्या जाळीतलं पाणी बहुतेक ठिकाणी कुठेही शुद्ध होत नाही, ते ओढ्यांतून थेट प्युजेट साउंडला, म्हणजे तिथल्या समुद्राच्या खाडीला जातं. त्याच ओढ्यांत शरद ऋतूत सालमन मासे अंडी घालायला चढून येतात, नेमके त्याच दिवसांत. पंचगंगेचा फेस बघत वाढलेल्या माणसाच्या हातून हे व्हावं, याचं मला पैशांपेक्षा जास्त वाईट वाटलं. वसंतात उरलेल्या थराचे पापुद्रे निघाले. पुढच्या जुलैपर्यंत ते खरवडणं हेच काम झालं.

अण्णांना ही हकिकत सांगितली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "डांबर आणि पाणी वैरी आहेत. उन्हाचा अंदाज नंतर घे, आधी सावली कुठे पडते ते बघ." ते सिॲटलला कधी आले नाहीत, पण त्यांचं म्हणणं तिथे अगदी लागू पडतं. ड्राइव्हवे घराच्या उत्तरेला असेल, किंवा वर डग्लस फर आणि सीडरची झाडं असतील, तर शेजाऱ्याचा सकाळी अकराला सुकतो तेव्हा तुमचा ओलाच असतो. आठवडाभर आधी तीन वेळा, नऊला, बाराला आणि चारला, बाहेर जाऊन ऊन कुठे आहे ते बघा. सावलीचा भाग आधी मारा, म्हणजे त्याला सुकायला जास्त वेळ मिळतो. उलट अती उकाडाही नको. जून 2021 मध्ये सिॲटलचा पारा 108 फॅरनहाइटला गेला होता. तशा दिवशी थर पसरायच्या आतच वाळतो आणि पट्टे उमटतात.

सावलीत शेवाळही येतं. आपल्या परसातल्या फरशीवर येतं तसंच, फक्त जाड. ते मुळापासून काढल्याशिवाय वरून काहीही मारलं तरी टिकत नाही. मी मे महिन्यातच शेवाळ घासून काढतो, भेगांतलं गवत उपटतो, आणि धुतल्यावर पूर्ण वाळू देतो. भेगा आधी भरायच्या. पाव इंचाहून रुंद भेगेला सीलकोट काहीच करत नाही, तिथे भेगा भरायचा रबरी मसालाच लागतो. गाडीचं तेल सांडलेलं असेल तर तो डाग साबणानं काढून त्यावर त्याचाच वेगळा प्रायमर, नाहीतर बरोबर तेवढाच तुकडा उचलून येतो. मगरीच्या पाठीसारखं जाळं पडलेलं असेल किंवा खड्डा खचला असेल तर सीलकोटवर पैसे घालू नका. ते खालच्या थराचं दुखणं आहे.

मारायचा तो दोन पातळ हातांत. एक जाड हात लवकर उरकतो पण तडकतो. पाच गॅलनच्या बादलीत एका हाताला साधारण साडेतीनशे चौरस फूट होतं, तरी बादलीवर लिहिलेलं वाचूनच हिशोब करा. आणि दरवर्षी मारू नका. तीनेक वर्षांनी पुरे. ड्राइव्हवेवर तांब्याभर पाणी टाकून बघा. थेंब वर उभे राहिले तर अजून गरज नाही, लगेच आत मुरलं तर आली. नवीन डांबरी ड्राइव्हवे असेल तर पहिला उन्हाळा तसाच जाऊ द्या, त्यातली तेलं मुरायला सहा महिने ते वर्ष लागतं. तुमचा ड्राइव्हवे काँक्रीटचा असेल तर यातलं काहीच तुम्हाला लागू नाही.

माल घेताना डांबरी इमल्शनचा, म्हणजे वर सांगितलेला पाण्यात डांबराचे कण मिसळलेला, घ्या. कोळशाच्या डांबराचा सीलर वॉशिंग्टन राज्यानं 2011 साली कायदा करून बंद केला, अमेरिकेतलं असं ते पहिलंच राज्य. दुसऱ्या राज्यातून कुणी बादली आणून देत असेल तर घेऊ नका.

उन्हाळ्यात कुणी ट्रक घेऊन दार वाजवेल. पलीकडच्या गल्लीतल्या कामाचं डांबर उरलंय, आज निम्म्या किमतीत करून देतो, असं म्हणेल. त्याला नमस्कार करून दार लावा. ठेकेदाराची नोंदणी राज्याच्या लेबर ॲण्ड इंडस्ट्रीज विभागाकडे असते आणि ती घरबसल्या तपासता येते. चांगल्या माणसाच्या जुलै-ऑगस्टच्या तारखा लवकर भरतात, म्हणून गुढीपाडव्याच्या सुमाराला फोन करून ठेवा आणि पाऊस आला तर तारीख पुढे जाईल हे लेखी घ्या.

आणखी एक. आपले आईवडील बहुतेक याच महिन्यांत तिकडे राहायला येतात. काम झाल्यावर दिवसभर तरी त्यावर पाय नको आणि दोन दिवस गाडी नको. आदल्या रात्री गाडी रस्त्यावर काढून ठेवा, आणि आईच्या चपला मागच्या दाराशी नेऊन ठेवा. पहाटे फिरायला आई पुढच्या दारानंच निघते.