कोंबडी अचानक मलूल झाली तर काय करायचं

सकाळी डालगं उघडलं की सगळ्या धावत सुटतात, एखादीच पिसं फुगवून डोळे मिटून कोपऱ्यात बसली असेल तर समजायचं काहीतरी बिनसलंय. पहिलं काम म्हणजे तिला वेगळं ठेवा, खोक्यात भुसा नाहीतर सुकं गवत टाकून, उबेला. अंग गरम लागतं म्हणून ताप आलाय समजू नका हां, कोंबडीचं नॉर्मल तापमानच 41 डिग्रीच्या आसपास असतं.

मग शीट बघा. हिरवट पातळ असेल, मान वाकडी होत असेल, तोंड उघडून श्वास घेत असेल तर मानमोडी म्हणजे राणीखेत असू शकतो, त्याला औषध नाही, लसच (लासोटा, पिल्लू साधारण 7 दिवसांचं झालं की), त्यामुळे बाकीच्यांना जपा, तिची भांडी वेगळी, हात साबणाने धुवा. आणि शेपूट खाली टाकून कुंथत असेल तर बहुतेक अंडं अडकलंय, कोमट पाण्यात 15-20 मिनिटं बसवा, पण दाबून काढायला अजिबात जाऊ नका, आत फुटलं तर संपलंच.

पाणी चोचीच्या कडेला थेंब थेंब लावा, ओतू नका. आपल्या गोळ्या अंदाजाने देऊ नका. एकदम दोन-चार मेल्या तर कापून खाऊ नका, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.